पाय बांधलेला ड्रायव्हर

माझा नवरा लॉरीत झोपला आणि तिथंच मेला. आमची शर्यतीची टीम त्यानंतरची, पण तिची गोष्ट तिथूनच सांगावी लागते.

कुंभकोणमला मेलकावेरीच्या बाजूला आमचं घर आहे आणि घरामागं लॉरीची शेड. आमच्यातले, म्हणजे इथल्या मराठी घरांतले, बाकीचे लोक कुणी बँकेत गेले, कुणी दुकानं काढली. हा एकटाच स्टिअरिंगवर बसला. भात वाहायचा. दुपारी जेवला की सीटमागच्या फळीवर आडवा व्हायचा, तोंडावर पंचा आणि पाय खिडकीबाहेर. लॉरीवाल्यांचा एक नियम आहे. झोपलेल्या ड्रायव्हरला उठवायचं नाही. अर्ध्या झोपेतून उठलेला ड्रायव्हर रस्त्यावर माणसं मारतो. म्हणून त्या दिवशी त्याला कुणी हाक मारली नाही. दिवेलागणीला मेकॅनिकनं पायाला हात लावला तर पाय गार. डॉक्टर म्हणाला, पडल्या पडल्याच गेलेत, हाक मारून काही उपयोग नव्हता. तो विषय तिथं संपला.

पायांचे अंगठे मी बांधले. मेलेल्याचे अंगठे एकत्र बांधतात. पांढरा दोरा हाताशी नव्हता. भाताच्या पोत्याची सुतळी होती, तिनंच बांधले. आमच्याकडं बायका मसणात जात नाहीत, त्यामुळं पुढचं मी पाहिलं नाही.

मुलाला भात वाहण्यात गोडी नव्हती. चेन्नईच्या पुढं लॉऱ्यांच्या शर्यती होतात हे त्यानं फोनवर पाहिलं आणि तेच डोक्यात घेतलं. बापाच्याच लॉरीचा हौदा काढला. मेकॅनिक बापाच्या वेळचा, तोही त्याला सामील. नातेवाईक मला म्हणाले, त्याला आवर. मी म्हटलं, गंजण्यापेक्षा पळू दे.

शर्यतीच्या लॉरीत केबिनच्या आतून लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवतात, उलटली तर ड्रायव्हर चेंगरू नये म्हणून. त्यासाठी झोपायची फळी कापून काढली. ती फळी माझ्या न्हाणीघरात आहे, तिच्यावर मी बादल्या ठेवते. म्हणजे त्या केबिनमध्ये आडवं व्हायला जागाच राहिली नव्हती.

पहिला हंगाम सगळा हरण्यात गेला. गावातल्या एका भांडीवाल्यानं खर्च उचलला, अट एवढीच की दोन्ही दारांवर पितळी समई रंगवायची. दुसऱ्या टीमांचे लोक हसायचे, "आली समई, आता आरती करा!" मी स्वयंपाकाला बरोबर जायची. बाहेरचं खाऊन पोट बिघडलेला माणूस काय लॉरी पळवणार?

एका दुपारी शेजारच्या टीमचा टायरवाला माझ्याकडं पाणी मागायला आला. म्हणाला, "अम्मा, तुमचा म्हातारा लॉरीत उन्हात झोपलाय. गाडी सावलीत तरी लावा." मी म्हटलं, आमच्यात म्हातारी मीच. तो हसला आणि गेला. त्या दिवशी आमची लॉरी पहिली आली.

मग बऱ्याच शर्यतींना कुणाला ना कुणाला तो झोपलेला दिसू लागला. बघणारे सगळे लॉरीवालेच, नियम पाळणारे. कुणी त्याला उठवायला जायचं नाही. टीमच्या माणसांना कधी दिसला नाही, मलाही नाही. पण दिसला त्या दिवशी आम्ही जिंकायचो. आणखी एक लॉरी आली, पगारी ड्रायव्हर आला, टीमच्या नावाचे शर्ट आले. मुलगा शर्यतीआधी इकडंतिकडं विचारत फिरायचा, "कुणी पाहिलं का? झोपलेला कुणी दिसला का?" दिसला म्हटलं की त्याचा चेहरा उजळायचा.

मग तपासणीवाला साहेब आला. उत्तरेकडचा माणूस, त्याला आमच्यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. लांबूनच ओरडला, "केबिनमध्ये ड्रायव्हर सोडून कुणी चालत नाही. त्या मागच्या माणसाला उतरवा."

"मागं कोण आहे, साहेब?" मुलानं विचारलं.

"तो काय, पाय बाहेर काढून पडलाय. आणि त्याचे अंगठे कशाला बांधलेत सुतळीनं? असली थट्टा इथं चालायची नाही."

जवळ येऊन त्यानं खिडकीत डोकं घातलं. पाइप आणि रिकामी जागा. शिक्का मारला आणि निघून गेला. चहा देत होते, घेतला नाही.

सुतळीचं माझ्या आणि मेकॅनिकच्याच ध्यानात होतं, बांधताना तो जवळ होता. मी त्याच्या पानावर दहीभात वाढला आणि विचारलं, "मसणात सुतळी कापली होती का?"

"चितेवर ठेवायच्या आधी कापायची असते, अम्मा."

"असते ते मला माहीत आहे. कापली का?"

"आभाळ भरून आलं होतं. सगळ्यांची एकच घाई..."

"कापली का?"

"नाही."

"एवढं बोलायला भात गार केलास."

तेव्हा मला भीती वाटली नाही. जिवंतपणी त्यानं कधी त्रास दिला नाही, मेल्यावर काय देणार? पाय बांधलेला माणूस उतरणार कसा, म्हणून पडून राहिला असेल, असं म्हणून मी सोडून दिलं.

पुढं एकदा घरी जेवताना मुलगा सहज बोलून गेला, "शेवटच्या वळणावर मी डोळे मिटतो."

"काय करतोस?"

"उघडे ठेवले तर अप्पांचं नीट ऐकू येत नाही, आई. ते 'आता' म्हणतात. मी वळवतो."

"किती वेळ मिटतोस?"

"आधी थोडाच वेळ मिटायचो." आणि त्यानं ताक मागितलं.

मी ताक वाढलं. म्हटलं, "अरे, तुझे अप्पा झोपलेत. झोपलेल्याला रस्ता दिसतो का?"

"ते तुला नाही कळायचं."

"आणि एखाद्या दिवशी झोपेत बरळले तर?"

तो हात धुवायला उठला. मोठी शर्यत तोंडावर आली होती, आजवरच्या सगळ्यांत वेगाच्या लॉऱ्या तिथं येणार होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाजीचा सुरा घेतला आणि शेडमध्ये गेले. सगळे जेवून पडले होते. गुडघे साथ देत नाहीत, तरी पायरी धरून जुन्या लॉरीच्या केबिनमध्ये चढले. आत पत्रा तापलेला, पण सीटच्या मागं हात घातला तर तिथं गार होतं, मडक्याच्या पोटाखाली असतं तसं. दिसत काही नव्हतं. मी मोठ्यानं म्हटलं, "अहो, उठा. पुष्कळ झाली झोप. उतरा आता." आणि खिडकीजवळ, पाय येतील तिथं, सुरा ओढला.

जन्मभर मी पोत्यांच्या सुतळ्या कापल्यात. तो आवाज मला माहीत आहे.

मग केबिन एका बाजूनं जराशी वर आली, माणूस उतरल्यावर लॉरी येते तशी. दार बंदच होतं. पुन्हा हात घातला तर मागचे पाइप चटका बसेल इतके तापलेले. घरात जाऊन कॉफी केली. एकाच पेल्याची केली, उगाच सवय नको.

मोठ्या शर्यतीत झोपलेला कुणालाही दिसला नाही. शेवटच्या वळणावर मुलानं ब्रेक दाबला आणि सगळ्या लॉऱ्या त्याला मागं टाकून गेल्या. उतरला तेव्हा घामानं निथळत होता. "आवाजच आला नाही," म्हणाला. "मिटले होते, आवाज आला नाही, म्हणून उघडले."

"मी उठवलं त्यांना," मी सांगितलं. "सुतळी कापली. गेले."

तो मेकॅनिककडं वळून तमिळमध्ये म्हणाला, सामान भर.

त्यानंतर टीम फार चालली नाही. भांडीवाल्यानं हात काढून घेतला, दुसरी लॉरी विकली. पहिलीला पुन्हा हौदा बसवलाय. ती चोळपुरमकडून भात आणते, दारावर अजून समई आहे. मुलगाच चालवतो, डोळे उघडे ठेवून.

आमच्या घरात उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर तमिळ, असं पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. त्या दिवसापासून तो माझ्याशी घरातही तमिळच बोलतो, परक्या बाईशी बोलावं तसं.

बोलू दे. तमिळ मला चांगली येते.