काचबिंदू पिकत नाही, नाना!

जळगावात डोळ्यांचा दवाखाना टाकला आणि किस्से गोळा करायला कुठे जावं लागलं नाही. ते आपणहून नंबर लावून येतात!

त्या ऐंशी-नव्वदच्या काळात शुगर-बीपीचा काय थाट! पंगतीत लोक ऐटीत सांगायचे, "जिलेबी नको, मला शुगर आहे." काचबिंदूला मात्र कुत्रं विचारत नव्हतं.

*

चोपड्याकडचे नाना, केळीवाले, चष्म्याचा नंबर काढायला आले. तपासलं तर काचबिंदू!

"नाना, डोळ्यातलं प्रेशर वाढलंय."

नानांनी बाही वर सारून दंड पुढे केला. "पुन्हा मोजा. कालदिन तर नॉर्मल व्हतं!"

*

महिन्याने आले, तर मी दिलेली थेंबांची बाटली सीलबंद!

"शुगरनी गोळी चुकनी तर चक्कर येस. हाई डोया तर दुखत बी नही!"

"दुखत नाही हाच तर घोळ आहे! नजर कडेकडेनं गुपचूप जाते आणि गेलेली परत येत नाही." माझा आवाज चढलाच.

"मंग पिकू द्या. पिकना का ऑपरेशन करू."

घ्या! मोतीबिंदू पिकू देतात, म्हणून काचबिंदूही पिकवायचा! अख्ख्या खानदेशाची हीच समजूत.

"नाना, केळी झाडावर पिकू देता का?"

"नही बा! कच्चीच कापतस. नहीतर ट्रकमाच सडी जाई…"

बोलता बोलता नानांनी बाटली उचलली. सील माझ्यासमोरच फोडलं.

*

मग नानांना चेवच चढला. बाहेर बाकावर बसून दिसेल त्याला दम द्यायचे, "थेंब टाका रे!" एकदा तर कुणाच्या सोबत आलेल्या धडधाकट माणसालाच धरून आत आणलं.

*

घोर एकच होता. काचबिंदू भावाभावांत निघतो, हे मी सांगितलं होतं आणि धाकटा भाऊ आबा ट्रक चालवायचा. "माले स्वच्छ दिसस!" म्हणून तो दवाखान्याची पायरी चढेना. नानांचा जीव तुटायचा.

नानांच्या मुलाची वरात जळगावात आमच्या दवाखान्यावरूनच निघाली. बँड अचानक थांबला. फेटा बांधलेले नाना आबाला दंडाला धरून आत घुसले, मागून सगळे भाऊबंद!

"डॉक्टर, बठ्ठा एकच जागे सापडनात. धरीसन लई उनू, तपासा!"

तपासलं. आबाचं प्रेशर चांगलंच वाढलेलं, पण नजर शाबूत! अगदी वेळेत सापडला. मी सांगताच नानांनी भावाला कडकडून मिठी मारली. "वाचना रे, मना भाऊ वाचना!" माझेही डोळे भरून आले.

तेवढ्यात मांडवातून मुलीचे वडील धापा टाकत आले. "व्याही, अहो मुहूर्त टळतोय!"

नानांनी डोळे पुसले आणि मशीनपुढचं स्टूल ओढलं.

"या व्याही, बसा. हनुवटी आठे टेका."