शोभेची चिमणी

धुरात हाताला नातीचा पाय लागला. ओढला, तरी ती रडली नाही. चार वर्षांची पोर पाय ओढल्यावरही गप्प राहते, म्हणजे काय ते मला कळलं. तिला पोटाशी घेतलं, ओला पदर तिच्या नाकावर दाबला आणि भिंतीच्या कडेने सरपटत दाराकडे निघाले. धूर वर चढतो, हवा जमिनीलगत राहते. चुलीपुढे जन्म गेलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

पुण्याजवळ, वारज्याच्या पुढे आमचं ज्वारीचं रान होतं. तिथे बिल्डरने इंग्लंडातलं खेडं बांधलंय. लाल कौलं आणि एक लाल टेलिफोनची खोली, जिच्यात फोन नाही. फाटकावरच्या वॉचमनला भर मे महिन्यात लाल कोट आणि काळी केसाळ टोपी. "आजी, डोकं शिजतंय," म्हणायचा बिचारा. जमिनीच्या बदल्यात आम्हाला त्यातलं एक घर मिळालं. माझ्याच रानात मी परदेशी झाले.

बांधकाम चालू असताना मी रोज जायची. चिमणी क्रेनने आणली आणि स्लॅबवर चिकटवली. खाली भोक पाडलंच नाही. हॉलमध्ये मात्र दगडी शेकोटी केली.

"अरे, धूर जायला वाट कुठाय?" मी मुलाला विचारलं.

"आई, तू चौथी शिकलीस. यातलं तुला काय कळतंय?"

"चूल मी पहिलीच्या आधी शिकले."

तो हसला. डिसेंबरात एका संध्याकाळी त्याने ऑफिसातले मित्र जेवायला बोलावले आणि मोठ्या रुबाबात त्या शेकोटीत लाकडं पेटवली. तीही ओली. बघता बघता हॉल काळा झाला. सगळे अंगणात पळाले. हातातली ताटली मात्र कोणी विसरलं नाही.

"पिल्लू कुठंय?" मुलगा ओरडला.

"अहो, तुमच्याकडे होती ना?" सून म्हणाली.

"मला वाटलं तुझ्याकडे!"

त्यांचा हिशोब जमेपर्यंत मी अंगणातल्या नळाखाली पदर भिजवून आत शिरले होते. पोर नेहमी सोफ्यामागे लपते, हे मला ठाऊक होतं.

बाहेर आणल्यावर वॉचमनने टोपी काढून तिला वारा घातला. त्या टोपीचा तेवढाच उपयोग झाला. पोर खोकली, मग तिने भोकाड पसरलं. तेव्हा मी खाली बसले.

दुसऱ्या दिवशी बिल्डरचा माणूस आला. "शेकोटी शोभेची आहे हो. पेटवायला कोणी सांगितलं?" आता तिथे पाटी आहे: 'शेकोटीत विस्तव पेटवू नये.' आत प्लास्टिकची फुलं.

मुलगा पाहुण्यांना अजून रंगवून सांगतो, "आम्ही थोडक्यात वाचलो." तो अंगणात होता. धुरात दोघीच होतो, मी आणि नात. दोघी जगलो.