गुरुवारचं न्हाणं

थंडी पडली की आमच्या नागावात पाहुण्यांची रीघ लागते. वाडीतल्या चार खोल्या आम्ही भाड्याने देतो. मुलगा नोकरीला मुंबईत, शनिवारी रेवसच्या लाँचने येतो. बाकी सगळं मी आणि सून बघतो. खरं सांगायचं तर सूनच बघते, मी खुर्चीत बसून हुकूम सोडते.

माझे गुडघे गेल्यापासून मार्गशीर्षातल्या गुरुवारची महालक्ष्मीची पूजाही तिच्याकडे आली. पहाटे डोक्यावरून न्हायचं, ओल्या केसांनी घट मांडायचा, संध्याकाळची आरती होईपर्यंत उपास. चहासुद्धा नाही, हा माझा वाढीव नियम. बंबातलं ऊन पाणी पाहुण्यांसाठी राखलेलं, म्हणून ती टाकीच्या गार पाण्याने न्हायची आणि तशीच अंगणात झाडू मारायला जायची.

दुपारपर्यंत तिचं अर्धं डोकं ठणकायला लागे. उजेड सहन होत नसे, ओकाऱ्या येत. दर गुरुवारी हेच. आणि मला वाटायचं, कामाचा दिवस आला की हिचं बरोबर दुखतं.

गेल्या वर्षी शेवटच्या गुरुवारी आळीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. ती आतल्या खोलीत पडून होती. एकीने विचारलं, "सून कुठं हाय? दिसत न्हाय ती?"

"पडलीय आत. नाटकं हायत नुसती. आम्ही न्हाय केले का उपास?"

बायका हसल्या. मलाही आपण काहीतरी फर्डं बोललो असं वाटलं. खोलीला दार नाही, नुसता पडदा. तो बाजूला करून ती बाहेर आली, हसत हसत सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, मग मागे न्हाणीत जाऊन ओकली. मला ऐकू आलं. मी दूध वाटत राहिले.

शनिवारी मुलाने तिला अलिबागला डॉक्टरांकडे नेलं. मीही गेले, काही निघणार नाही अशी खात्री होती म्हणून. डॉक्टर म्हणाले, अर्धशिशी आहे. थंडीत उपाशी राहू नका, ओल्या केसांनी वाऱ्यात जाऊ नका, कान झाका, तहान नसली तरी पाणी प्या. मग जरा चिडूनच विचारलं, "हे असलं सगळं करायला लावतं कोण तुम्हाला?"

ती खाली बघत म्हणाली, "मीच करते."

मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. डॉक्टरांची चिठ्ठी घडी करून पिशवीत टाकली.

माफी मागितली नाही. सुनेची माफी कशी मागायची, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. या मार्गशीर्षात मी काय ते करून दाखवलं. उपास बंद. तिच्या न्हाण्याला बंबातलं पहिलं पाणी, केस सुकेपर्यंत अंगणात जायचं नाही, सकाळी सातला समोर पोह्यांची बशी. ती गुमान खायची. मला वाटलं, फिटलं.

दुसऱ्या गुरुवारी दुपारी स्वयंपाकघरात गेले तर खिडकी लावलेली. ती विळीवर बसून भाजी चिरत होती. एक डोळा अर्धा मिटलेला, त्यातून पाणी गळत होतं.

"डोकं दुखतंय का गं?"

"न्हाय आई, बरी हाय मी. कांद्यानं पाणी येतंय."

विळीवर दुधी होता.