सोड की ओढ

आमचे दामोदर रोह्याच्या शाळेत तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून दमले नाहीत, ते ग्लायडिंग शिकवून दमले. दर रविवारी पेणहून घाट चढायचा, मैदानावर ग्लायडरच्या मागच्या सीटवर दिवसभर कोंबून बसायचं आणि घरी आलं की कंबर शेकत मला ऐकवायचं. मीही दमलेय. पण डबा कोण देणार, म्हणून सोबत जाते.

यंदाची शिष्या पेणजवळच्या खाडीकाठच्या जोहे गावची प्रतिक्षा. डोलवीच्या कंपनीतली शिफ्ट संपवून अर्धवट झोपेत यायची. ह्यांचा तिला धडा चालला होता गरगरत्या ग्लायडरला सावरण्याचा. वेग फार पडला की ग्लायडर एका पंखावर कलून गरगरत खाली येतो, तो स्पिन. तेव्हा वेगाचा काटा खालीच रेंगाळतो. गोल फिरत खाली येताना काटा सारखा चढत गेला, तर ते स्पायरल. स्पिनमध्ये गरगरण्याच्या उलट बाजूचं पायडल दाबून हातातली सुकाणूची दांडी पुढे न्यायची, स्पायरलमध्ये आधी पंख सरळ करायचे. घाबरून दांडी पोटाशी ओढली की दोन्हींत संकट वाढतं. प्रतिक्षा काटा अचूक वाचायची आणि तरी दांडी ओढायची. सलग तीन रविवार ह्यांनीच सावरलं.

आज पुन्हा तेच झालं. "तिला शिकणं बंद कर म्हणून सांगतो," उतरल्यावर हे मला म्हणाले. "एकटी गेली तर मरेल पोर." आवाजात रागही उरला नव्हता.

मग तिच्याकडे वळून म्हणाले, "का ओढतेस गं?"

"तुमीच तर मागसून सांगता सर, ओढ, ओढ!"

"मी सोड म्हणतो, दांडी सोड!"

"सोड?" ती म्हणाली. "आमी सोर बोलतो. वाऱ्यान् मना ओढच आयकू येतं."

खाडीकाठी ड चा र होतो, हे पेणात जन्म काढलेल्या मास्तरला कळू नये? मला संताप आला. पण ह्यांचा चेहरा पडला होता. ह्याच चुकीपायी त्यांनी मागे साईराज नावाच्या खाडीकाठच्याच एका शिष्याला शिकवणं थांबवून घरी पाठवलं होतं.

दोघं पुन्हा वर गेले. खालून मी पाहिलं. ग्लायडर दोनदा गरगरला, दोनदा सरळ झाला.

उतरून ह्यांनी मागच्या रिकाम्या सीटचे पट्टे बांधले.

"सर, तुमी येत नाय?"

"नाही. मी तोंड उघडलं नाही, तेव्हाच तुला जमलं. जा."

ती एकटी वर गेली. ती उतरेपर्यंत मी त्यांना दंडाला धरून उभी राहिले.