बोर्डावरचे उस्मानभाई

उस्मानभाईंविषयी लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. कोणी विषय काढला की "आता नीट आठवत नाही" म्हणायचो. मला सगळं आठवतं.

नंदुरबारच्या मिरची बाजारात ते लिलाव पुकारायचे. ढिगातली एक मिरची उचलायची, मोडायची, बिया वाऱ्यावर सोडायच्या. माल आणणारा "एक नंबर माल शे चाचा" म्हणाला की त्याच्याकडे न बघता म्हणायचं, "मिरची खोटं बोलस नही भाऊ, मानूस बोलस." आवाज असा की रस्त्याने जाणाऱ्यालाही भाव कळावा. गालात तंबाखू मात्र कायम.

मी तेव्हा सरकारी नोकरीत, तंबाखू नियंत्रणाचं काम बघत होतो. जगातल्या देशांनी तंबाखूविरुद्ध करार केला होता, आपल्या देशाचीही त्यावर सही होती. करार चांगला होता. ज्याला वाचता येत नाही त्यालाही धोका कळावा म्हणून पाकिटावर चित्र हवं, हा त्यातलाच विचार. दिल्लीत नियम झाले, मुंबईहून परिपत्रकं आली आणि आमच्या टेबलापर्यंत येता येता त्या विचाराचं एवढंच उरलं: एक आढावा बैठक, तंबाखूमुक्तीची एक शपथ आणि फोटो काढून वर पाठवायचे बोर्ड. बंदी असलेल्या गुटख्याच्या गोण्या हद्दीपलीकडून येत होत्या, त्यांच्या वाटेला आम्ही कधी गेलो नाही. गोण्यांना मालक होते. बोर्डाला कोणी नव्हतं.

एका वर्षी आम्ही शपथ बाजारातच घेतली. आम्ही सगळे साहेबलोक हात पुढे करून ओळीत उभे. उस्मानभाई ढिगावरून ओरडले, "हात पुढे करा साहेब, पन खिसा झाकी ल्या!" हमाल खो खो हसले. माझ्या खिशात चुन्याची डबी होती. मी हसल्यासारखं केलं आणि मनातल्या मनात त्या माणसावर डाव धरला. इतका हलका होतो मी.

पुढच्या तोंड-तपासणी शिबिरात ते स्वतःहून आले. तोंडात उभी तीन बोटं मावायला हवीत, त्यांची दीड मावत होती. "मिरचीना गावमा राहस आन मिरची खाता येस नही," ते म्हणाले, "घरमा मी वरनभात खास. कोनले सांगू नका, धंदा जाई." तरीही ते लिलाव पुकारत होते. ओठ न हलवता, दातांच्या फटीतून आवाज बाहेर फेकायची एक पद्धत त्यांनी बसवली होती. बाजारात कोणाला संशय नव्हता.

मला तेव्हा स्थानिक चेहरा हवा होता. पाकिटावरचा माणूस आमच्या लोकांना परका वाटतो, आपल्यातला कोणी दाखवा, असं मीच बैठकीत सुचवलं होतं आणि वाहवा घेतली होती. मी उस्मानभाईंना सांगितलं, "नाशिकच्या डॉक्टरांना दाखवायला फोटो लागतो."

"टोपी ठेवू का काढू?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या."

जमेल तेवढं तोंड उघडून ते खुर्चीवर बसले. मी फोटो काढला. नाशिकला काही पाठवलं नाही.

महिन्याभरात बोर्ड लागला, बाजाराच्या दारातच. ओळख पटू नये म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी. या अकलेचं आज काय करावं? ज्या माणसाला सगळा बाजार तोंडावरून ओळखतो, त्याचे डोळे आम्ही झाकले!

पहिल्या दिवशी पोरं हसली. दुसऱ्या दिवशी एका व्यापाऱ्याने त्यांच्या हातचा चहा नाकारला. आठवड्याभरात दुसरा पुकारणारा आला. "चाचा, आते आराम करा," एवढंच त्यांना सांगण्यात आलं. दोन हमालांनी तो बोर्ड बघून तंबाखू सोडली, हेही खरं. ते मी अहवालात लिहिलं. उस्मानभाईंचं काम गेलं, ते लिहिलं नाही.

ते ऑफिसात आले. बसले नाहीत.

"साहेब, बोर्ड कोनी लावा?"

"उस्मानभाई, हे सगळं वरून ठरतं. आंतरराष्ट्रीय करार आहे. देशाने सही केली आहे."

"त्या करारमा मन्हं नाव शे?"

"नाव कसं असेल?"

"मंग मन्हं तोंड तठे कसं पोचनं?"

मी कागद चाळू लागलो. ते माझ्याकडे, सडका माल बघावा तसे, बघत राहिले. मग दातांच्या फटीतून म्हणाले, "दुनियाभरना देश एक व्हयनात, आन त्यासले तोंड सापडनं ते मन्हंच! काढी टाका साहेब. मी आजून जित्ता शे."

"वर विचारतो," मी म्हणालो.

वर विचारण्यासारखं काही नव्हतं. बोर्ड माझ्या सहीने लागला होता, माझ्याच सहीने उतरला असता. शिडी, दोन माणसं, अर्धा तास. पण तो उतरवला असता तर फोटो कसा मिळवला हे कोणीतरी विचारलं असतं. करारात रोग्याला फसवा असं कुठेही लिहिलेलं नाही. मी तो वाचला होता, म्हणून तर त्याच्या आड इतका नीट लपू शकलो. बोर्ड तसाच राहिला. त्या कामाबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं आणि मी ते घेतलं.

निवृत्त झाल्यावर एकदा त्यांच्या घरी गेलो. तोवर आवाज पूर्ण गेला होता. भाभींनी चहा ठेवला. उस्मानभाई पलंगावरून माझ्याकडे बघत होते. मी काहीतरी बोलेन, असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी हाताने भाभींना गप्प राहायला खुणावलं. मी विचारलं, "जेवण जातं का?" मग हवापाण्याचं बोललो आणि उठलो. तीन आठवड्यांनी ते गेले.

त्यांच्या घरी जाताना वाटेत मी वाक्यं जुळवली होती. ऑफिसातल्या मराठीत नाही, आम्हा दोघांच्या घरच्या बोलीत, म्हणजे मधे पळायला जागा राहणार नाही. दारात चपला काढेपर्यंत ती तोंडात होती:

"उस्मानभाई, करारनी नही, मी लावा तो बोर्ड. फोटोबद्दल मी तुमले खोटं सांगं. माले माफ करा."