थांबवणारा

कूलर सुरू झाला की सदर भागातल्या आमच्या ऑफिसात कागद उडायचे, आणि कागद टेबल सोडायच्या आत भाऊंचा पंजा त्याच्यावर पडलेला असायचा. "मेला," एवढंच म्हणायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. आम्ही बाकीचे तोवर पेपरवेट शोधत असू.

हा पंजा भारताच्या हॉकी संघाबरोबर परदेशी जाऊन आला होता, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं, आणि मी तसं तोंडावर बोललो होतो. ते फक्त हसले आणि वाकडी झालेली करंगळी दाखवली.

पेनल्टी कॉर्नरला एक जण गोलच्या बाजूच्या रेषेवरून बॉल बाहेर ढकलतो, दुसरा तो थांबवतो, तिसरा हाणतो. त्या काळी हातानं थांबवायची मुभा होती. भाऊ हे दुसरे. बॉल त्यांच्या पंजाखाली जागच्या जागी मेला पाहिजे, तरच गोल. पेपरात नाव मात्र तिसऱ्याचं.

ऑफिसात सत्कार झाला तेव्हा साहेबांनी भाषणात भाऊंच्या नावावर बरेच गोल चढवले. भाऊ हार सावरत उठले. "साहेब, मी गोल नाही मारत. मी थांबवतो." साहेबांनी तत्परतेनं चूक सुधारली: आपले भाऊ भारताचे गोलकीपर आहेत! टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना कीपर म्हणू लागले. सवयीनं मीसुद्धा.

"भाऊ, तुम्ही सांगत काहून नाही?" मी एकदा विचारलं.

"सांगून पाह्यलं गा. समजावता समजावता चहा थंडा होते. कीपर बरा, टीममध्ये तं आहे."

मग नियम बदलला. हात बंद, स्टिकनंच थांबवायचं. निवड शिबिर तोंडावर होतं आणि भाऊंचं वय उतरणीला लागलेलं. पुन्हा संघात जायचं तर हीच शेवटची संधी. रोज सकाळी मी प्रताप नगरहून सायकल हाणत मैदानावर जायचो आणि त्यांना बॉल ढकलायचो. कधी माझा बॉल उसळायचा, कधी भलतीकडे जायचा. ते मुकाट्यानं आणायला धावायचे. त्यांची खरी पंचाईत वेगळीच होती. बॉल जवळ आला की हात आपोआप खाली जायचा. शेवटी रुमालानं त्यांनी तो स्टिकला बांधून घेतला.

"हा हात मले नोकरीतून काढून राहिला," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो.

शिबिरात रुमाल चालणार नव्हता. परत आले तेव्हा त्यांनी स्वतःच रंगवून सांगितलं: पहिलाच कॉर्नर, हात खाली, शिट्टी. नंतरचे सगळे त्यांनी स्टिकनं नीट थांबवले होते. पण निवड करणाऱ्यांनी पहिलाच लक्षात ठेवला. हे सांगताना ते हसले नाहीत.

संघ त्यांच्याशिवाय गेला. सामन्याच्या दिवशी अख्खं ऑफिस एका ट्रान्झिस्टरभोवती जमलं, भाऊही. शेवटच्या मिनिटांत भारताला पेनल्टी कॉर्नर मिळाला. फटका, गोल! टेबलं वाजली, कोणी शिट्टी मारली. समालोचक हाणणाऱ्याचं नाव पुन्हा पुन्हा घेत होता आणि आम्हीही तेच ओरडत होतो. मी सगळ्यांत मोठ्यानं.

भाऊंनी वाकून ट्रान्झिस्टरला कान लावला होता. हात वर करून त्यांनी आम्हाला गप्प केलं.

"थांबवला कोणं?"

आमच्यापैकी कोणीच ते ऐकलं नव्हतं.