आबांच्या गाडीचा मागचा ब्रेक

सैनिक मेला म्हणजे तो शत्रूच्या गोळीनंच मेला असला पाहिजे, हे तुम्हाला कोणी शिकवलं?

मला उत्तर हवं आहे, म्हणून विचारतो. मी फौजेत व्हेइकल मेकॅनिक होतो. मी पाहिलेला मृत्यू गोळीचा नव्हता. तो ब्रेकचा होता, आणि तो ज्याला आला त्याचं नाव त्याच्या गावच्या वेशीवरच्या शहिदांच्या दगडावर नाही.

त्याचं नाव गोकुळ. नरडाण्याजवळच्या खेड्यातला, ड्रायव्हर. मी एरंडोलचा. युनिटमध्ये खानदेशातले आम्ही दोघंच, त्यामुळे जेवणाच्या रांगेत आमची अहिराणी चालायची आणि बाकीचे हसायचे. आमचं पोस्टिंग डोंगरात होतं. सकाळी हजेरीचं फॉल-इन, मग वर्कशॉप, दुपारी परत वर्कशॉप. ट्रक येत, उघडले जात, जोडले जात. वर्कशॉपमध्ये एक नियम होता. ज्यानं ब्रेक जोडला, तोच पहिल्या रोड टेस्टला ड्रायव्हरशेजारी बसेल. हवालदार मेजर म्हणायचे, "जोड़ा है तो बैठ." यावर चर्चा नसे.

गोकुळ गेला. पुढच्या वर्षी माझा पाय रिकव्हरीच्या, म्हणजे बंद पडलेल्या गाड्या ओढून आणण्याच्या, कामात चिरडला आणि मला घरी पाठवलं गेलं. ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी धुळ्याला आग्रा रोडवर एका शेडमध्ये गॅरेज टाकलं.

गोकुळचे वडील, आबा, तिथं यायचे. त्यांच्याकडे एक जुनी जर्मन डिझेल गाडी होती, इंदूरच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेली. लग्नसराईत ते ती नवरदेवासाठी भाड्यानं चालवायचे. तीन जिल्ह्यांत तशी गाडी नाही, असं ते स्वतःच सांगायचे. पण गोकुळचा विषय निघाला की उठून जायचे. फौजेकडून घरी एवढंच कळलं होतं की अपघात झाला. गावानं बाकीचं स्वतः ठरवलं होतं: पोरानं गाडी दरीत पाडली. आबांनी तेच खरं मानलं होतं. मी दोनदा सांगायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्यांनी हात वर केला. पोराची चूक त्यांना ऐकायची नव्हती.

त्या दिवशी ते सकाळीच आले. गाडीचं मागचं उजवं चाक तापत होतं. दुपारी नरडाण्याहून नवरदेव घेऊन लळिंग घाट ओलांडून मालेगावला जायचं होतं. फुलं धुळ्यातच स्वस्त, म्हणून गाडी आधीच सजवून घेतली होती. बॉनेटवर झेंडूचा जाळीदार हार, आरशांना मोगरा. मी ती जॅकवर चढवली. मागचं चाक काढलेलं आणि पुढून नवरदेव, अशी ती उभी होती.

त्या गाडीला मागेही डिस्क ब्रेक होते. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर. चिमटा दाबणारा पिस्टन गंजून अडकला होता. त्यामुळे ब्रेक सोडला तरी चाक धरलेलंच राहायचं. मी कॅलिपर उतरवला, पिस्टन बाहेर काढला, गंज साफ केला.

आबा फेऱ्या मारत होते. "दिन्या, व्हयनं का नही? नवरदेव बाशिंग बांधीसन बशेल शे."

"धुतोय, आबा."

"पेट्रोलमा बुडाव, एक मिनिटमा साफ."

"पेट्रोलनं रबर फुगतं. ब्रेक ऑइलनंच धुवायचं."

"मिलिटरीमा तू पाना फिरावाले शिकना का पूजा कराले?"

मी हसलो नाही. नवं सील ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बोटांनी खाचेत बसवलं. पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर तिथं लावायचा नसतो, ओरखडा पडतो. पिस्टन सरळ ठेवून अंगठ्यानं आत ढकलला. तिरका गेला तर बाहेर काढून पुन्हा. दोनदा तिरका गेला. आबांनी दोन्ही वेळा घड्याळ पाहिलं. मग वरचं रबरी झाकण, पॅड, पिना. कॅलिपर जागेवर, बोल्ट घट्ट. ब्रेकची रबरी नळी वाकवून पाहिली. भेग नव्हती. शेवटी नळीतली हवा काढायची होती, तेव्हा आबांना सीटवर बसवलं.

"दाबा."

"दाबं."

"धरून ठेवा." मी कॅलिपरवरचा हवा सोडायचा निपल सैल केला, बुडबुडे आले, निपल बंद केला. "सोडा."

बुडबुडे थांबेपर्यंत हे चाललं. पेडल कडक झालं. मी चाक चढवून हात पुसायला आत गेलो. बाहेर आलो तर आबांनी बंपरसमोर नारळ फोडलेला.

"हे काय केलंत? अजून चाचणी व्हायची आहे."

"कसानी चाचनी? पेडल दगडना मायक शे."

"रस्त्यावर नेऊन, दाबून बघून परत आणायची."

"परत?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "नारळ फुटना. वाटे लागेल नवरदेवनी गाडी माघारी फिरस नही. लगन मोडस."

आमच्याकडे ही रीत आहे आणि तिच्याशी भांडून कोणी जिंकलेलं नाही. मला राग आला. फौजेत 'वेळ नाही' म्हणत होते, इथं 'रीत' म्हणत होते. नाव कोणतंही द्या, चाचणी चुकवायचीच.

"मग माघारी नको," मी म्हणालो. "मी शेजारी बसतो. पुढे जाताजाताच बघू. नवरदेव बसायच्या आधी."

"फुलेसमा तू? तेलकट कपडासवर?"

"जोडलाय, तर बसणार."

ते पुटपुटत निघाले. नगावबारी मागे पडली, रस्ता मोकळा झाला. मी सांगितलं, "हळू दाबा." गाडी सरळ थांबली. वेग वाढवून पुन्हा. पुन्हा सरळ थांबली. आबांनी माझ्याकडे विजयानं पाहिलं.

"आता जोरात. घाटात बैलगाडी आडवी आली असं समजा."

त्यांनी पाय हाणला. पेडल अर्ध्यावर धरलं आणि मग खाली गेलं. पुढची चाकं किंचाळली, मागचं काहीच धरेना. गाडी तिरकी झाली आणि सोनगीरच्या अलीकडे एका निंबापासून हातभर अंतरावर थांबली. झेंडूचा हार काचेवर आला होता.

मी खाली वाकलो. उजव्या मागच्या चाकाच्या आतून ऑइल गळत होतं. कॅलिपर कोरडा होता. रबरी नळी फाटली होती, बाहेरून धडधाकट दिसणारी, आतून सडलेली. पाहून कळत असतं तर चाचणीची गरजच नसती.

आबा स्टिअरिंग धरून बसून राहिले.

"लळिंगमा फुटती तं?"

"मागे चार माणसं असती. उतार असता."

त्यांनी मान हलवली. मग समोर बघतच विचारलं, "मना गोकुळनी गाडी अशी कोनी चालाडी देखेल व्हती का?"

"नाही, आबा."

"आते सांग. बठ्ठं सांग."

मी सांगितलं. तुम्हालाही तेच सांगतो.

गोकुळच्या ट्रकचे ब्रेक त्या सकाळी जोडले होते. दुसऱ्या मेकॅनिकनं, नीट जोडले होते. कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा, निघायला उशीर होत होता. वरून आदेश आला, रोड टेस्ट मुक्कामावर करू. जोडणाऱ्याला उतरवलं. गोकुळ म्हणाला, "साब, टेस्ट नहीं हुआ." उत्तर आलं, "चलो." ट्रकच्या मागे सिग्नलचे दोन जवान रेडिओ सेट घेऊन बसले होते. मी ताफ्याच्या शेवटी रिकव्हरी गाडीत होतो, आमच्याकडेही सेट होता. उतारावर सेटवर त्या जवानांपैकी एकाचा आवाज आला.

"ब्रेक फेल. ड्राइवर कूदने को बोल रहा है. ओव्हर."

"कूदो. ड्राइवर कहाँ है?" ताफ्याच्या साहेबांनी विचारलं.

"गाड़ी में. पहाड़ से रगड़ रहा है."

गोकुळ ट्रक डोंगराच्या भिंतीला घासून वेग कमी करत होता. पुढे ताफ्याच्या गाड्या होत्या. दोघांनी उड्या मारल्या, दोघंही जगले. पुढच्या वळणावर भिंत संपली. मी चौकशीत हे सगळं सांगितलं. घरापर्यंत ते पोचलं नाही.

आबा म्हणाले, "गाव म्हणस, घाई करी पोरानी."

"त्यानं घाई केली नाही. त्याला करायला लावली."

आबा खाली उतरले. रडले नाहीत. नरडाण्याकडे जाणारी ओळखीची जीप हात करून थांबवली, आपल्या गाडीवरचा हार सोडला आणि जीपच्या बॉनेटवर स्वतः बांधला. जीपवाला म्हणाला, "आबा, तुमनी गाडीनं काय?"

"मनी गाडी आठेच ऱ्हाई. नवरदेव तू लई जा. घाटमा हळू." मग थोडं थांबून म्हणाले, "आनि गावमा सांग, मना पोरगानी गाडी पाडी नही."

जीपवाल्याला काही कळलं नाही. पण त्यानं निरोप नेला.

आबा आता नाहीत. दगडावर अजून गोकुळचं नाव नाही. तो लढाईत गेला नाही, असं ग्रामपंचायत म्हणते. मी विचारतो, मग तो ट्रक त्या डोंगरात काय लग्नाला चालला होता?

तुमच्याही गावात असा एखादा असेल. गाडीखाली गेलेला, बर्फात राहिलेला, तापानं गेलेला. झेंडावंदनाला शहिदांची नावं वाचली जातील, तेव्हा यादी संपली की बसू नका. उभे राहा आणि त्याचं नाव मोठ्यानं घ्या. मग त्याच्या घरी जा, आणि तो कसा गेला हे त्याच्या माणसांना नीट कळलं आहे का, ते विचारा.